पाहुण्या ताऱ्याची राख

(प्रौढ वर्गापुढे दिलेले भाषण)



तुमच्या घरी विळा असेल, कुऱ्हाड असेल, काही नाही तर भाकरीचा तवा तरी असेलच. आजचे बोलणे आपण त्या तव्यापासून सुरू करू. तवा कुठून आला? बाजारातून. बाजारात कुठून आला? कारखान्यातून. कारखान्यात लोखंड आले ते खाणीतल्या दगडातून. बरे, मग दगडात लोखंड कुठून आले? इथे बहुतेक जण थांबतात. ते जमिनीत होतेच, असे म्हणून मोकळे होतात. पण प्रश्न तिथे संपत नाही. त्याचे पुढचे उत्तर जमिनीत नाही, आकाशात आहे.

आकाशाकडे जाण्याआधी आपल्याच जिल्ह्यात थोडे फिरून येऊ. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीच्या काठी नायकुंड नावाचे गाव आहे. १९७७ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील विद्वानांनी तिथे खोदकाम सुरू केले. त्यात लोखंड गाळण्याची एक जुनी भट्टी सापडली. भट्टी किती जुनी? सुमारे २७०० वर्षांची! काटोल रस्त्याकडे जुनापाणी आहे, तिकडेच माहूरझरी आहे. या गावांच्या माळावर मोठमोठे धोंडे गोल मांडून ठेवलेले दिसतात. गुराख्यांना ते ठाऊक असतात. ती त्या काळच्या लोकांची दफनाची जागा. मेलेल्या माणसाबरोबर त्यांनी लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, घोड्याचे लगाम पुरले. लोखंड त्यांना किती मोलाचे वाटत असेल, ते यावरून समजते.

आता नायकुंडच्या त्या लोहाराने नेमके काय केले, ते पाहा. त्याने दगडातून लोखंड वेगळे केले. दही घुसळून लोणी काढावे, तसेच हे. लोणी दह्यात आधीच असते; रवी ते उत्पन्न करीत नाही. भट्टीही तशीच. ती लोखंड वेगळे करते, निर्माण करीत नाही. चुलीत, भट्टीत किंवा भिलाईच्या मोठ्या कारखान्यात कितीही जाळ घाला, एका मूलद्रव्याचे दुसरे मूलद्रव्य होत नाही. तांब्याचे सोने करून देतो म्हणणारा बुवा दारात आला तर त्याला हे सांगा आणि वाटेला लावा.

लोखंड घडवायला कोट्यवधी अंशांची आग लागते. तशी आग ताऱ्याच्या पोटातच असते.

तारा म्हणजे तापलेल्या वायूचा प्रचंड गोळा. आपला सूर्यही एक ताराच. फक्त तो जवळ आहे म्हणून एवढा मोठा दिसतो. या गोळ्यात दोन जोर सतत झुंजत असतात. गोळ्याचे स्वतःचे वजन त्याला आत दाबते, तर पोटातली आग त्याला बाहेर ढकलते. दोन्ही जोर सारखे आहेत तोवर तारा शांत असतो. त्याचे सरपण म्हणजे हायड्रोजन नावाचा वायू. हायड्रोजन जळून हेलियम होतो. जळतो म्हणजे लाकूड जळते तसा नव्हे. त्याचे कण एकमेकांत घुसून नवे कण बनतात, आणि त्यात उष्णता सुटते.

आपल्या चुलीतली राख पुन्हा पेटत नाही. ताऱ्याच्या पोटातली राख मात्र पेटते! तारा चांगला वजनदार असला, सूर्याच्या आठ-दहा पट किंवा त्याहून अधिक, तर हेलियमचा कार्बन होतो. पुढे ऑक्सिजन होतो, आणखी पुढे सिलिकन होते. आपल्या नदीच्या वाळूत असते तेच हे सिलिकन. दर वेळी आग अधिक कडक होते आणि सरपण अधिक लवकर संपते. हायड्रोजन लक्षावधी वर्षे पुरतो. शेवटचे सरपण, म्हणजे सिलिकन, एखाददुसरा दिवसच पुरते. त्याचे लोखंड झाले की खेळ आटोपला. लोखंडाचे कण एकमेकांत घुसवले तर उष्णता सुटत नाही, उलट खर्ची पडते. ही राख कधीच पेटत नाही.

मग आत दाबणारा जोर जिंकतो. पृथ्वीएवढा लोखंडी गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो आणि एखाद्या शहराएवढा होतो. वरचे थर त्यावर आदळून उलटे फिरतात आणि तारा फुटतो. शास्त्रज्ञ या स्फोटाला सुपरनोव्हा म्हणतात. काही दिवस तो एकटा तारा कोट्यवधी सूर्यांएवढा प्रकाश देतो.

गाभा केव्हा कोसळणार, याचा हिशेब कोणी मांडला, ते सांगितले पाहिजे. गांधीसागर तलावाजवळचे रामन विज्ञान केंद्र तुम्ही पाहिले असेल. निदान बसमधून जाताना पाटी तरी वाचली असेल. ज्यांच्या नावाने ते केंद्र आहे, ते चंद्रशेखर वेंकट रामन १९१० च्या सुमारास सरकारी हिशेब खात्यात नोकरीला होते आणि काही काळ नागपुरात राहिले होते. त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा म्हणजे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. हा मुलगा १९३० साली मुंबईच्या बंदरातून विलायतेच्या बोटीत बसला. वय अवघे १९ वर्षांचे. बोटीवर वेळ घालवायला लोक पत्ते खेळतात. याने कागद-पेन्सिल घेऊन ताऱ्याचे गणित केले. गणितातून असे निघाले की, विझलेल्या ताऱ्याचे वजन सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून जास्त झाले, तर त्याला स्वतःचा भार पेलवत नाही. तो कोसळणारच. १९३५ साली विलायतेतल्या एका नामांकित ज्योतिर्विदाने, एडिंग्टनने, भर सभेत या हिशेबाची टर उडवली. पुढे हिशेबच खरा ठरला. १९८३ साली चंद्रशेखरांना नोबेल पारितोषिक मिळाले. टर उडवणारा तेव्हा हयात नव्हता. १९९९ साली अमेरिकेने अंतराळात एक मोठी दुर्बीण सोडली. तिला यांच्याच नावावरून 'चंद्रा' असे नाव दिले आहे.

कोणी म्हणेल, मग आपला सूर्यही एक दिवस फुटेल काय? नाही. सूर्य तेवढा वजनदार नाही. अजून सुमारे ५०० कोटी वर्षे तो तापेल, मग फुगेल आणि हळूहळू विझेल. त्याची काळजी आज करायला नको.

तारा फुटला की पुढे काय? त्याचा बहुतेक सगळा माल आकाशात उधळला जातो. मळणीच्या वेळी वाऱ्यावर भुसा उडावा तसा तो चहूकडे पसरतो, पण वेग मात्र सेकंदाला हजारो किलोमीटरचा. हजारो वर्षे तो पसरत राहतो. या पसरणाऱ्या ढगाला ताऱ्याचा अवशेष म्हणतात. आपल्या आकाशगंगेत असे सुमारे तीनशे अवशेष आजवर मोजले गेले आहेत.

इथे हुशार माणसाला एक शंका येईल. लोखंडाचा गाभा तर आत कोसळला, मग बाहेर लोखंड आले कुठून? शंका बरोबर आहे. गाभ्यातले लोखंड बहुतेक चिरडले जाते. बाहेर पडते ते स्फोटाच्या आगीत नव्याने घडलेले असते. ते आधी एका जातीचे निकेल असते. काही महिन्यांत त्याचे आपोआप लोखंड होते. शर्मिष्ठा नावाच्या तारकासमूहात असा एक अवशेष आहे. त्याच्या स्फोटाचा प्रकाश सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी, म्हणजे शिवकालात, पृथ्वीवर पोचला. चंद्रा दुर्बिणीने त्या ढगातले पदार्थ तपासले. त्यात सुमारे ७० हजार पृथ्वींच्या वजनाएवढे लोखंड आहे! एका ताऱ्याच्या राखेत एवढे लोखंड.

आपल्या सूर्याच्या आणि पृथ्वीच्या जन्माआधीही असे पुष्कळ तारे फुटले होते. त्यांची राख वायूच्या ढगात मिसळली. ४६० कोटी वर्षांपूर्वी अशा एका ढगातून सूर्य झाला, पृथ्वी झाली. पेंचच्या काठच्या लोहाराने दगडातून काढले ते हेच लोखंड. ते आपल्या रक्तातही आहे. मोठ्या माणसाच्या अंगात तीन-चार ग्रॅम लोखंड असते. बाळंतपणात बायांना दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या देतात, त्या कशासाठी, हे पुढच्या एका पाठात येणारच आहे. दातांतले आणि हाडांतले कॅल्शियम, पानाला लावतो त्या चुन्यातले कॅल्शियम, श्वासातला ऑक्सिजन, हा सगळा ताऱ्यांच्या पोटातला आणि स्फोटांतला माल आहे. रामटेकच्या वाटेवर मनसर आणि कांद्रीला मँगनीजच्या खाणी आहेत. तिथे कामाला जाणारे तुमच्यात कोणी असतील. मँगनीजचा मोठा भाग दुसऱ्या एका जातीच्या स्फोटात घडतो. त्यात विझलेला, आटलेला तारा बाहेरचा माल अंगावर घेता घेता पुन्हा पेटतो आणि संपूर्ण फुटून जातो. सोन्याची कथा आणखी निराळी आहे. ताऱ्यांचे अतिशय घट्ट गाभे एकमेकांवर आदळतात, तेव्हा त्यातून सोने तयार होते. अशी एक टक्कर २०१७ साली शास्त्रज्ञांना पाहायला मिळाली. पण सोन्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आता ज्यासाठी आजचा विषय घेतला, ती हकीकत सांगतो.

इ.स. १०५४ सालच्या जुलै महिन्याची ४ तारीख. चीन देशात सोंग घराण्याचे राज्य होते. राजाच्या पदरी आकाश पाहणारे कारकून होते. रोज रात्री आकाश पाहायचे, जे दिसेल ते तारखेसह लिहायचे, एवढेच त्यांचे काम. त्या पहाटे त्यांना पूर्वेला एक नवा तारा दिसला. आदल्या दिवशी तिथे काही नव्हते. त्यांनी त्याला नाव दिले 'पाहुणा तारा'. नाव किती सुरेख आहे पाहा. आला, राहिला, गेला. हा पाहुणा इतका तेजस्वी होता की २३ दिवस तो भर दिवसा, सूर्य वर असतानाही, दिसत होता. मग हळूहळू मंद झाला. १०५६ च्या एप्रिलमध्ये दिसेनासा झाला. म्हणजे एकवीस महिने त्याचा मुक्काम होता. कारकुनांनी आला तो दिवस लिहिला, गेला तो दिवस लिहिला. मुख्य ज्योतिषी यांग वेइ-दे याने त्याचा काहीतरी शुभ अर्थही राजाला लावून दिला. राजाच्या नोकराला ते करावेच लागत असेल! अर्थ आज कोणाच्या कामाचा नाही. तारीख कामाची आहे.

ती कशी, ते ऐका. १७३१ साली जॉन बेव्हिस नावाच्या इंग्रज डॉक्टरला दुर्बिणीतून वृषभ राशीत एक फिकट डाग दिसला. पुढे आयर्लंडातल्या एका सरदाराने मोठ्या दुर्बिणीतून पाहून त्याचे चित्र काढले. ते खेकड्यासारखे दिसले, म्हणून नाव पडले खेकडा तेजोमेघ. १९२१ साली जुने आणि नवे फोटो ताडून पाहिले, तेव्हा कळले की हा ढग पसरतो आहे. किती वेगाने? सेकंदाला सुमारे १५०० किलोमीटर. एका सेकंदात नागपूरहून मुंबईला जाऊन जवळजवळ परत!

आता त्रैराशिक करा. एक माणूस रामटेकहून पायी निघाला. तासाला ५ किलोमीटर चालतो. तुम्हाला तो ४० किलोमीटरवर भेटला. तो केव्हा निघाला होता? आठ तासांपूर्वी. त्याला विचारायलाही नको. ढगाचेही तसेच. ढग केवढा आहे आणि किती वेगाने वाढतो आहे, हे कळले की तो एका ठिपक्यातून केव्हा निघाला, ते काढता येते. उत्तर आले, सुमारे ९०० वर्षांपूर्वी. ९०० वर्षांपूर्वी वृषभ राशीत कोणी काही पाहिले होते काय? चीनच्या जुन्या पोथ्या उघडल्या, तर तिथे जागाही लिहिलेली आणि दिवसही लिहिलेला! १९२८ साली हबल या अमेरिकन ज्योतिर्विदाने या दोन्ही गोष्टी जोडल्या. हा ढग म्हणजे त्या पाहुण्या ताऱ्याची राख. फुटलेल्या ताऱ्याचे वय असे दिवसावर कळावे, ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. ती कळली ती लिहिलेल्या चार ओळींमुळे.

मग आपण काय करत होतो? हा प्रश्न आम्हाला सोडवत नाही. कारण हा तारा नागपूरच्या अगदी माथ्यावरून जात होता. हे वाढवून सांगितलेले नाही. नागपूरचे अक्षांश २१ आहेत. ताऱ्याची आकाशातली वाटही जवळजवळ तीच. १०५४ च्या जुलैत तो सकाळी नऊच्या सुमारास या भूमीच्या बरोबर डोक्यावर येत असला पाहिजे. अंगणात उभे राहून मान वर केली की दिसावा असा.

पण जुलै म्हणजे आषाढ. आषाढातले आपले आकाश तुम्हाला ठाऊक आहे. जे २३ दिवस तारा दिवसा दिसत होता, त्या दिवसांत इकडे ढग दाटलेले असणार. हे एक कारण झाले. पण पाहुणा एकवीस महिने होता. पावसाळा संपला, दिवाळी आली, थंडी पडली. त्या निरभ्र रात्रींत तो साध्या डोळ्यांना दिसत होता. जागलीवर बसणारे होते, पहाटे मोट जुंपणारे होते, गाडीवान होते. रात्रीचे आकाश त्यांच्याइतके कोण पाहते? मृग, रोहिणी, कृत्तिका त्यांना घरच्या माणसांसारख्या ओळखीच्या. रोहिणीच्या शेजारी नवा तारा आला, हे त्यांच्या ध्यानात आले नसेल असे आम्हाला तरी वाटत नाही. पण त्यांच्या हाती अक्षर नव्हते. अक्षर थोड्यांच्याच हाती होते.

ज्यांच्या हाती होते, त्यांनी काय लिहिले? नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, एक शिलालेख आहे. विद्वान त्याला 'नागपूर प्रशस्ती' म्हणतात. तो विक्रम संवत ११६१ चा, म्हणजे इ.स. ११०४-०५ चा आहे. पाहुणा तारा मावळून तेव्हा जेमतेम पन्नास वर्षे झाली होती. लेख संस्कृत श्लोकांत आहे. त्यात माळव्याच्या परमार राजांची वंशावळ आहे, त्यांच्या पराक्रमाचे वर्णन आहे, एक गाव दान दिल्याची नोंद आहे. त्याच घराण्यातला राजा भोज १०५४ साली गादीवर होता, किंवा अगदी शेवटच्या दिवसांत होता. हा भोज स्वतः विद्वान. ग्रहांच्या गणिताचा 'राजमृगांक' नावाचा १०४२ सालचा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. ग्रहण केव्हा लागेल, ग्रह कुठे असेल, याचा आपल्या ज्योतिषांचा हिशेब उत्तम होता. पण जे हिशेबात बसत नाही, असे काही आकाशात उगवले तर ते तारखेसह टिपून ठेवायचे, अशी रीत इकडे पडली नव्हती. राजाने गाव दिले, तर ते दगडावर कोरले जाई. आकाशात तारा आला, तर नाही.

अर्थात, कोणी लिहिलेच नसेल असेही ठामपणे म्हणता येत नाही. ताडपत्र, भूर्जपत्र कुजते, वाळवी लागते, आग लागते. म्हणून शोध घ्यायला हवा होता. तो घेतला कोल्हापूरला जन्मलेल्या आपल्या डॉ. जयंत नारळीकरांनी. सगळे जग त्यांना ताऱ्यांचे आणि विश्वाचे शास्त्रज्ञ म्हणून ओळखते. २०२५ साली ते गेले. संस्कृतच्या पंडिता डॉ. सरोजा भाटे यांना बरोबर घेऊन त्यांनी आपल्या जुन्या वाङ्मयात या ताऱ्याचा माग काढला. एका बाजूला ताऱ्यांचे गणित जाणणारा माणूस, दुसऱ्या बाजूला पोथी जाणणारी बाई. जोडी नामी होती. २००१ साली त्यांनी आपला निष्कर्ष छापला. नक्की हाच तो तारा म्हणावे, अशी एकही नोंद त्यांना मिळाली नाही. हाती काही लागले नाही, हेही त्यांनी सरळ छापले. आम्हाला त्याचे मोठे कौतुक वाटते.

आता त्या खेकडा ढगाच्या मधोमध काय उरले आहे, ते पाहू. गाभा कोसळून शहराएवढा झाला, असे मघाशी म्हटले. तो तिथे अजून आहे. त्याची रुंदी वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे नागपूर शहर आणि आसपासची चारदोन गावे मावतील एवढी. पण वजन सूर्याहून जास्त. मोहरीच्या दाण्याएवढा त्याचा तुकडा काढता आला, तर त्याचे वजन लाखो टन भरेल. हा गोळा स्वतःभोवती एका सेकंदात ३० वेळा फिरतो. फिरताना त्याच्या अंगातून किरणांचा झोत निघतो. बंदरातल्या दीपगृहाचा झोत फिरावा तसा तो फिरतो आणि दर फेरीला पृथ्वीवर एक ठोका पोचतो. म्हणून याला स्पंदक म्हणतात. पहिला स्पंदक १९६७ साली जोसलिन बेल या विद्यार्थिनीने शोधला. यंत्रातून निघालेल्या कागदाच्या लांबच लांब पट्ट्या ती रोज डोळ्यांनी वाचत असे. एका जागी तिला अगदी बारीक, नियमित ठोके दिसले. दुसरा कोणी असता तर खरखर म्हणून सोडून देता. १९७४ चे नोबेल पारितोषिक मात्र तिच्या गुरूंना मिळाले, तिला नाही. खेकडा ढगातला स्पंदक १९६८ मध्ये सापडला.

असे ठोके ऐकणारी एक मोठी दुर्बीण आपल्या महाराष्ट्रात आहे. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद नावाचे खेडे आहे. तिथे आणि आसपासच्या शिवारांत मिळून ३० मोठ्या तबकड्या उभ्या आहेत. प्रत्येक तबकडी ४५ मीटर रुंद. त्या तारेच्या जाळीच्या आहेत, त्यामुळे वारा आरपार जातो आणि खर्चही कमी येतो. ही युक्ती गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञाची. या दुर्बिणीतून डोळ्यांना काही दिसत नाही. ती रेडिओच्या लहरी पकडते. ताऱ्यांच्या राखेतून अशा लहरी भरपूर निघतात, आणि त्या लहरींना ढगांचा अडथळा नाही. पावसाळ्यातही काम चालते. आषाढात आलेला पाहुणा आता आपल्याकडूनही सुटणार नाही!

पुढचा पाहुणा कोण, असेही पुष्कळ जण विचारतात. मृगाच्या चौकोनात एक तांबूस तारा आहे. आर्द्रा नक्षत्राचा तारा तोच. हा म्हातारा, फुगलेला, वजनदार तारा आहे. तो एक दिवस फुटणार, हे नक्की. पण शास्त्रज्ञांच्या भाषेतला 'एक दिवस' म्हणजे उद्याही असेल आणि लाख वर्षांनीही असेल. २०१९ च्या अखेरीस तो अचानक बराच मंद झाला, तेव्हा जगभर गडबड उडाली. आता फुटतो की मग फुटतो! पुढे कळले की त्याच्याच अंगातून निघालेल्या धुळीचा ढग आड आला होता. तो फुटला तर काही आठवडे रात्री चंद्रासारखा उजेड देईल, दिवसाही दिसेल. आपल्याला त्यापासून धोका नाही. तो फार दूर आहे, त्याचा प्रकाशच इकडे यायला पाचशेहून अधिक वर्षे लागतात. खेकडा ढग तर साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर. १०५४ साली दिसला तो स्फोट त्याच्या साडेसहा हजार वर्षे आधी होऊन गेला होता. तेव्हा पृथ्वीवर कोणाला लोखंड गाळायलाही येत नव्हते. तेव्हा आकाशात असे काही दिसले आणि कोणी शांत करा, दान द्या, कोंबडे कापा म्हणू लागले, तर त्याला एवढेच विचारावे, की इतकी हजार वर्षे वाटेत असलेल्या बातमीला तुझे कोंबडे कसे अडवणार?

शेवटी, ही राख तुम्हाला पाहायची असेल तर कशी पाहायची, ते सांगतो. नुसत्या डोळ्यांनी ती दिसत नाही. दोन डोळ्यांनी पाहायची चांगली दुर्बीण लागते. शाळेत किंवा विज्ञान केंद्राच्या कार्यक्रमात ती मिळू शकते. जानेवारी संपत आला की एखादी चंद्र नसलेली रात्र निवडा. शहराच्या दिव्यांपासून लांब, शेतावर जा. रात्री नऊच्या सुमारास तो डाग बरोबर डोक्यावर असतो, म्हणून उभे राहू नका. मान अवघडते. घोंगडी अंथरून उताणे पडा. आधी मृग शोधा. मृगाचे डोके म्हणजे लहान लहान तीन तारे. तिथून उत्तरेकडे, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या अंतरावर, एक बेताचा तारा आहे. बैलाच्या एका शिंगाचे ते टोक. त्या ताऱ्यापासून वायव्येला, दोन चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढे दुर्बीण सरकवा. तिथे कापसाच्या तंतूएवढा एक फिकट पुंजका दिसेल. खेकडा वगैरे काही दिसणार नाही. पहिल्या रात्री दिसला नाही तर दुसऱ्या रात्री पाहा. दिसला की वहीत तारीख, वेळ आणि गावाचे नाव लिहा, आणि वही पुढच्या वर्गाला घेऊन या.